दहा किलो, ०.१ ग्रॅम आणि दुकानदाराचा अंगठा

जुनी सायकल पूर्ण खोलून नव्याने बांधायला घेतली आहे. सेकंडहँड क्रँक, चाकं, सीटपोस्ट विकणारे वजन वाट्टेल ते सांगतात, म्हणून स्वस्तातला वजनकाटा हवा होता. इतवारीतल्या एका दुकानात साडेअकराशेला ‘दहा किलोपर्यंत, ०.१ ग्रॅमचा’ काटा मिळाला. निदान डब्यावर तसं लिहिलं होतं.

दुकानदाराने तो दाखवला कसा, ते नीट वाचा. काट्यावर एक बोल्ट ठेवला, स्क्रीनवर ०.२५ आलं. तसाच दुसरा ठेवला, ०.५० झालं. “पाहा भाऊ, पॉइंटमध्ये दाखवते. सोनारासारखा काटा आहे.” हे बोलताना त्याचा अंगठा स्क्रीनच्या कोपऱ्यावर होता, आणि त्याच कोपऱ्यात एकक असतं. काटा औंसवर लावलेला होता. एक औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम, म्हणजे ०.२५ औंसचा बोल्ट सात ग्रॅमचा झाला. एकेक ग्रॅमच्या पायरीने मोजणारा किचनमधला साधा काटाही औंसवर टाकला की पॉइंट दाखवतो.

घरी ग्रॅमवर घेतला तर पॉइंट गायब. ₹ चिन्ह असलेलं दहाचं नाणं ७.७ ग्रॅम भरायला हवं, काटा ८ म्हणाला. सेलच्या झाकणाजवळचं स्टिकर नखाने हळूहळू उचललं, तेव्हा खाली मूळ छपाई निघाली: कमाल ५ किलो, पायरी १ ग्रॅम. सहा किलोचा डबा ठेवल्यावर स्क्रीनवर एरर.

परत गेलो तर सूर वेगळाच. बिल म्हणून दिलेल्या चिठ्ठीवर फक्त ‘वजनकाटा, १ नग’ होतं, त्यामुळे “हा आमचा मालच नाही” म्हणायला तो मोकळा. ज्याच्या कष्टाचे पैसे जातात त्याला किती चीड येते, याची या लोकांना पर्वा नाही.

मुळात हा दावाच खोटा असल्याचं एका भागाकारात कळतं. दहा किलोला ०.१ ग्रॅमने भागलं की एक लाख पायऱ्या होतात. दुकानात, बाजारात वापरले जाणारे प्रमाणित काटे अचूकतेच्या साधारणपणे तिसऱ्या वर्गाचे असतात आणि त्या वर्गाला जास्तीत जास्त दहा हजार पायऱ्यांची मुभा आहे. हजार-बाराशेच्या काट्यात लाख पायऱ्या बसत नाहीत.

सायकलसाठी तेवढ्या बारकाव्याची गरजही नाही. चेन अडीचशे ग्रॅमच्या आसपास भरते, तिथे एक ग्रॅम इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही. क्रँक, सीटपोस्ट, टायरसाठी ५ किलो/१ ग्रॅमचा साधा काटा पुरे. बोल्टचंच वजन करायचं असेल तर ५०० ग्रॅमचा छोटा पॉकेट काटा वेगळा घ्या. फ्रेम आणि चाकं प्लेटवर नीट बसत नाहीत, त्यांना हुकचा लटकता काटा बरा.

घेताना काटा स्वतःच्या हातात घ्या, एकक ग्रॅमवर आणा, खिशातली दहाची दहा नाणी ठेवा: ७७ यायला हवेत. बिलावर मॉडेल, कमाल वजन आणि पायरी लिहून घ्या. लिहायला नाही म्हणाला तर पुढचं दुकान गाठा.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. असंच कुणासोबत झालं असेल तर वरचं स्टिकर काढून फेकू नका. त्याचा आणि खालच्या छपाईचा एकत्र फोटो काढून ठेवा, तक्रारीत तोच पुरावा आहे.