जे-पाउच, २२ महिन्यांनंतर: किती वेळा आणि किती वेळ

स्टोमा (पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड) बंद होऊन पाउच, म्हणजे लहान आतड्याचीच आत शिवलेली जे आकाराची पिशवी, सुरू झाला, त्याला आता २२ महिने झाले. हा अनुभव मी खरं तर अकराव्या महिन्यात लिहायला घेतला होता. तेव्हाचं पहिलं वाक्य होतं, "पाउचच्या नादी लागू नका, पोटावरची पिशवी परवडली." ते आज खोडतेय. राग अजून आहे, पण तेव्हा तो पाउचवर होता. आता एका प्रश्नावर आहे, जो सोळा महिने मला कोणी विचारला नाही आणि माझा मलाही सुचला नाही.

माझं थोडक्यात: नऊ वर्षं अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा), औषधं लागू पडेनाशी झाली, मग तीन टप्प्यांत ऑपरेशन. आधी मोठं आतडं काढलं. मग गुदाशय काढून लहान आतड्याच्या शेवटच्या साधारण ३० सेंटिमीटरचा पाउच केला आणि स्टेपलरने खाली गुदद्वाराशी जोडला. शेवटी स्टोमा बंद. हे वाचणाऱ्या बहुतेकांना यातलं सगळं माहीत असणार, म्हणून पुढे जाते.

पहिल्या आठवड्यात दिवसाला १४-१५ वेळा जावं लागायचं. तिसऱ्या महिन्याअखेर ते सातवर आलं. आणि एक गोष्ट मी मनापासून सांगते, ती घाई गेली. कोलायटिसमध्ये लागली की पळायचंच, दोन मिनिटंसुद्धा हातात नसायची. पाउच आल्यावर अर्धा-पाऊण तास सहज थांबता येऊ लागलं. चौथ्या महिन्यात मी एका लांबलचक बैठकीला दाराजवळची खुर्ची न शोधता मधोमध बसले. घरी येऊन रडले. नऊ वर्षांत असं बसलेच नव्हते.

जळजळ मात्र फार. पित्त आणि पाचकरस मोठ्या आतड्यात न मुरता थेट बाहेर येतात, त्यामुळे कातडी सोलवटते. कागदाने पुसणं पूर्ण बंद केलं. साधं पाणी, मऊ सुती कापडाने टिपायचं, घासायचं नाही, आणि झिंक ऑक्साइडच्या मलमाचा जाड थर, रात्री निजताना तर नक्कीच. आधी कातडी पूर्ण कोरडी व्हायला हवी, ओल्या कातडीवर मलम धरत नाही. एवढं पाळलं तर दोन आठवड्यांत फरक पडतो.

आता मूळ गोष्ट.

सिस्टरनी मला पहिल्याच दिवशी एक वही करायला सांगितली होती. तारीख, आणि प्रत्येक खेपेला एक उभी रेघ. चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. ती वही मी इमानेइतबारे भरली. पाचव्या महिन्यात रेघा एकदम चौदावर गेल्या. पाण्यासारखं, भरपूर, पोटात पेटके, कणकण, रात्री अंथरुणात गळती. दुर्बिणीने पाहिलं तर पाउच आतून लालबुंद. पाउचायटिस, म्हणजे पाउचला आलेली सूज. कोलायटिसमुळे पाउच झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना हा कधी ना कधी होतोच, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे घाबरले नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक १४ दिवस. तिसऱ्या दिवशी रेघा आठवर. मला वाटलं, चला, या दुखण्याचं कुलूपही कळलं आणि किल्लीही.

माझं चुकलं ते इथे. आठव्या महिन्यात रेघा पुन्हा वाढल्या. बारा, तेरा. फोन केला. "किती वेळा होतंय?" "तेरा." "मग तेच आहे, गोळी परत सुरू करा." दोन-चार दिवस जरा मोकळं वाटलं, मग पुन्हा तेच. दहाव्या महिन्यात पुन्हा फोन, पुन्हा तोच प्रश्न. या वेळी दुसरं अँटिबायोटिक, मेट्रोनिडाझोल. तोंडात दिवसभर लोखंड चघळल्यासारखी चव, जेवण नकोसं. ते संपतं न संपतं तोच पुन्हा दिलं, आणि पाचव्या आठवड्यात पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. तेव्हा मात्र मी डॉक्टरांना गाठून ते बंद करवून घेतलं. हे औषध लांबलं तर नसांवर परिणाम होऊ शकतो, हे मला तेव्हा कळलं. मुंग्या आल्या तर वाट पाहू नका, लगेच कळवा.

"पोटावरची पिशवी परवडली" हे वाक्य याच दिवसांतलं.

तेराव्या महिन्यात पुन्हा सिप्रो. या खेपेला काडीचाही फरक नाही. औषधाच्या दुकानातल्या बाईंनी विचारलं, सोबत काय काय घेता? लोहाची गोळी, सकाळी, एकाच घोटात. त्यांनी कपाळाला हात लावला. लोह, कॅल्शियम, दूध, अॅसिडिटीची काही औषधं यांच्याबरोबर सिप्रो घेतलं तर ते आतड्यातच बांधलं जातं, अंगात नीट शोषलंच जात नाही. दोन तास आधी घ्यायचं किंवा सहा तास नंतर. हे चिठ्ठीवर कोणीही लिहिलं नव्हतं. मी लगेच वेळा बदलल्या. मला ठाम वाटलं, सापडलं कारण. पण बदलूनही फरक पडला नाही, आणि तिथे तरी मला शंका यायला हवी होती.

मी काय केलं, तर रेघा कमी व्हाव्यात म्हणून लोपेरामाइड (जुलाब रोखणारी गोळी) वाढवत नेलं. दिवसाला दोन गोळ्यांवरून सहा. रेघा कमी झाल्या खऱ्या. वहीत नऊ दिसायला लागले. फोनवर "नऊ" सांगितल्यावर पलीकडून समाधानाचा सूर आला. मलाही बरं वाटलं. पण त्या नऊ खेपांत मी संडासात काय करत होते, ते वहीत कुठेच नव्हतं. वीस-वीस, पंचवीस मिनिटं बसायचं, कुंथायचं, शेवयांसारखं बारीक काहीतरी यायचं, पोट हलकं म्हणून व्हायचं नाही. उठून हात धुवेपर्यंत पुन्हा भरल्यासारखं. मांड्यांना कमोडच्या कडेचे वळ पडायचे.

सोळाव्या महिन्यातली एक रात्र. अकराला बसले, पाऊण वाजता तशीच. पोट ढोलकीसारखं ताठ, काही म्हणजे काही उतरेना. ताई दाराबाहेर उभी. "झालं का गं?" म्हणून दर पाच मिनिटांनी विचारायची, नंतर तिने विचारणं सोडून दिलं आणि गाडीची किल्ली घेऊन आली.

तातडीच्या विभागात रात्रपाळीला एक अगदी तरुण डॉक्टर होती. तिने वही मागितली नाही, किती वेळा हेही विचारलं नाही. विचारलं, "एका वेळी किती वेळ बसता?" मी सांगितलं. तिने हातमोजा चढवला, जेली लावली, म्हणाली, "एकदा बोटाने बघते, श्वास सोडा." आणि मग, "करंगळीसुद्धा जात नाहीये. सांधा आवळलाय."

पाउच जिथे खाली जोडलेला असतो, त्या सांध्यावर जखम भरताना व्रण आखडतो आणि वाट अरुंद होते. पातळ असेल तर कसंबसं वाहून जातं, घट्ट असेल तर अडतं. मी लोपेरामाइड वाढवून ते आणखी घट्ट केलं. पाउच पूर्ण रिकामा होत नाही म्हणून लगेच पुन्हा भरल्याची जाणीव, म्हणून खेपा जास्त. खेपा जास्त म्हणून पाउचायटिसची गोळी. साचून राहिलेल्यात जंतू वाढतात, म्हणून गोळीने दोन दिवस बरंही वाटतं आणि सगळ्यांचा समज पक्का होतो. मधल्या तीन दुखण्यांतला एखादा पाउचायटिस खरा असेलही. पण आठ महिने, चार कोर्स, आणि एकदाही कोणी बोटाने तपासलं नाही. अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

दुसऱ्या दिवशी भूल देऊन सांधा रुंद केला. जाग आल्यावर पहिल्यांदा गेले ते चार मिनिटांत बाहेर. ताईला खरं वाटेना.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की या ऑपरेशनच्या इतिहासात रिकामं होण्याचीच अडचण पहिल्यापासून आहे. स्वीडनच्या निल्स कॉक यांनी १९६९ मध्ये पोटात पिशवी केली, ती नळी घालूनच रिकामी करावी लागायची. लंडनच्या सेंट मार्क्समध्ये पार्क्स आणि निकल्स यांनी १९७८ मध्ये खाली जोडलेला पाउच मांडला, त्याची घडी एस आकाराची होती आणि त्या सुरुवातीच्या रुग्णांतल्या पुष्कळांना तो रिकामा करायला नळी वापरावी लागे. १९८० मध्ये जपानमधल्या उत्सुनोमिया यांनी जे आकार आणला. मग "पूर्ण रिकामं होतं का?" हा प्रश्न तपासणीत सगळ्यात आधी यायला नको का?

सांधा पुन्हा आवळू शकतो, म्हणून घरी डायलेटर (वाट रुंद ठेवणारी गुळगुळीत कांडी) वापरायला शिकवलं. पहिल्या दिवशी माझा हात इतका थरथरत होता की सिस्टरनी माझ्या हातावर हात ठेवून केलं. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, भरपूर जेली, श्वास बाहेर सोडताना हळूच, दोन मिनिटं तसंच धरून ठेवायचं. जोर अजिबात नाही. आधी रोज, मग दिवसाआड, आता आठवड्यातून एकदा. हे कोणी वाचून स्वतःच्या मनाने करू नका. अरुंद होण्याची कारणं वेगळीही असतात, कधी ते क्रोन्सचं (आतड्याच्या सुजेच्याच दुसऱ्या आजाराचं) लक्षण असतं, आणि तिथे इजा होऊ शकते. ज्यांनी तपासलं त्यांनीच माप ठरवून द्यायचं.

लोपेरामाइड दोनवर आणलं, जेवणाआधी अर्धा तास. दुखलं-खुपलं तर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मी घेत नाही, त्यांनी पाउच सुजू शकतो. पॅरासिटामॉलवर भागवते. बी-१२ लहान आतड्याच्या नेमक्या याच टोकाला शोषलं जातं, ते वर्षातून एकदा तपासते. लोह तर कमी असतंच.

पाण्याबद्दल एक. मोठं आतडं रोज लिटर-दीड लिटर पाणी आणि त्याबरोबर मीठ परत घेत असतं. ते गेल्यावर तहान लागली की मी साधं पाणी ढोसायचे, आणि तरी डोकं दुखायचं, पिंडऱ्या वळायच्या, लघवी पिवळीजर्द. नुसत्या पाण्याने मीठ भरून निघत नाही. आता खेपा वाढल्या की ओआरएस. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. मीठ आणि साखर एकत्र असली की आतडं दोन्ही नीट ओढून घेतं आणि पाणी त्यांच्या मागून जातं. घोट घोट घ्यायचं, गटागट नाही.

मागच्या महिन्यात, म्हणजे एकविसाव्यात, रेघा पुन्हा तेरा झाल्या. या वेळी मी फोनवर औषध घ्यायला नकार दिला आणि आधी तपासा म्हणून जाऊन बसले. बोट व्यवस्थित गेलं. दुर्बिणीत पाउच लाल. खरा पाउचायटिस. सिप्रो घेतलं, लोहाची गोळी १४ दिवस बंद ठेवली, आणि तिसऱ्या दिवशी उतार पडला.

वहीत आता रेघेशेजारी मिनिटांचा रकाना आहे. पाण्यासारखं, भरपूर, पाच मिनिटांत मोकळं, तर मी पाउचायटिसचा विचार करते. थोडंथोडं, बारीक, वीस मिनिटं कुंथून, तर सांध्याचा. डॉक्टरांनी "किती वेळा" विचारलं तरी मी दोन्ही आकडे सांगते. तुमच्या वहीत तो रकाना नसेल तर आजच आखा. आणि तिसऱ्यांदा तेच अँटिबायोटिक देत असतील, तर आधी तपासायला सांगा, लाजू नका. मी लाजले होते.

कालच्या रेघा दिवसा पाच, रात्री एक. सगळ्यात जास्त वेळ, सहा मिनिटं.