३६५ नॅनोमीटरची फिल्टरवाली यूव्ही टॉर्च: ऑट्युनाइटसाठी कितपत कामाची?

ऑट्युनाइट हे यूव्ही म्हणजे अतिनील प्रकाशात चमकणारं युरेनियमचं खनिज. भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते दाखवायचं असेल तर पुढे काळी काच (हाच फिल्टर) बसवलेली, १८६५० या लिथियम-आयन सेलवर चालणारी ३ वॅटची टॉर्च घ्यावी. नोटा तपासायच्या ३९५ नॅनोमीटरच्या स्वस्त टॉर्चनेही ऑट्युनाइट उजळतं, कारण त्यातला युरेनिल आयन (युरेनियम आणि ऑक्सिजनचा भारित गट) जांभळा प्रकाशसुद्धा शोषून घेतो. पण त्या टॉर्चचा स्वतःचाच जांभळा उजेड एवढा पडतो की अंधुक चमक त्यात बुडून जाते. काळ्या काचेने तो अडवला की पिवळट हिरवा रंग स्वच्छ उठतो आणि ग्रॅनाइटच्या भेगेत चिकटलेला बारीकसा पापुद्राही नजरेतून सुटत नाही. पैसे मोजायचे ते या काचेसाठी. वॅट वाढवून फारसं काही पदरात पडत नाही.

काच नीट आहे का हे घेतानाच पाहा. अंधारात स्टीलच्या ताटलीवर झोत टाका. ठळक जांभळा डाग दिसला तर टॉर्च परत करा. ही परीक्षा पांढऱ्या कागदावर घेऊ नका, कागदाला शुभ्रपणा आणणारी रसायनं स्वतःच निळी पेटतात. डोळ्यांवर यूव्ही अडवणारा चष्मा हवाच.

आता टॉर्चची मर्यादा, कारण खरा घोटाळा इथेच होतो. ऑट्युनाइट म्हणजे कॅल्शियम आणि युरेनिलचं पाणीदार फॉस्फेट. वजनाच्या जवळपास ४८ टक्के युरेनियम. कॅल्शियमच्या जागी तांबं आलं की टॉर्बर्नाइट होतं. पाचूसारखे हिरवे चौकोनी पापुद्रे, युरेनियम तितकंच, पण टॉर्चखाली ठार काळं, कारण तांबं चमक मारून टाकतं. उलट हायलाइट ओपल या काचेसारख्या सिलिकामध्ये युरेनिल नावापुरतं असतं, तरी ते झगझगीत हिरवं दिसतं. म्हणजे चमकेवरून ना खनिज ठरतं ना धोका. मॅग्नेशियमवालं सॅलेआइटही तसंच पिवळट हिरवं उजळतं. ते वेगळं काढायला क्ष-किरण विवर्तनासारखी (स्फटिकाची रचना दाखवणारी) तपासणी लागते. धोका जोखायला टॉर्चसोबत अभ्रकाच्या खिडकीचा पॅनकेक (चपट्या, गोल नळीचा) गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र, असावा. साध्या काचेच्या नळीचा काउंटर अल्फा कण मोजतच नाही. शिवाय पडद्यावरचा मायक्रोसिव्हर्टचा (किरणोत्सर्गाच्या मात्रेचा) आकडा बहुतेक वेळा सिझियम-१३७ च्या गॅमावर बेतलेला असतो, त्यामुळे बीटा सोडणाऱ्या नमुन्याजवळ तो फुगतो. अशा वेळी मिनिटाचे ठोके मोजावेत.

गोव्यात ही टॉर्च घेऊन डिचोली-सांग्याच्या खाणपट्ट्यात फिरण्यात अर्थ नाही. तिथल्या खनिजात लोह भरपूर, आणि लोहही चमक मारतं. ऑट्युनाइट सापडतं ते युरेनियमधारी ग्रॅनाइट, पेग्मटाइट (मोठ्या स्फटिकांचा अग्निज खडक) आणि खनिजांच्या शिरांच्या वरच्या, हवापाणी लागलेल्या भागात. आपल्या देशात झारखंडच्या सिंगभूम पट्ट्यात त्याची नोंद आहे. घरी जमवायची वस्तू तर ही नव्हेच. युरेनियमवर कायद्याने सरकारी नियंत्रण आहे. वापर कॉलेजच्या नोंदणी असलेल्या नमुन्यांपुरता ठेवा.

त्या नमुन्यांच्या डब्यात पावसाळा आला म्हणून सवयीने सिलिका जेलची पुडी टाकू नका. ऑट्युनाइटच्या थरांमधलं पाणी कोरड्या हवेत उडतं आणि त्याचं मेटा-ऑट्युनाइट होतं: रंग निस्तेज, चमक मंद, कडा भुगा होऊन गळायला लागतात. सतत एसी चालू असलेल्या खोलीतही हेच होतं. काठिण्य जेमतेम २ ते २.५, म्हणून पापुद्रा बोटाने दाबू नका. डब्याच्या झाकणातूनच पाहा. डबा उघडायचा झाला तर हवा खेळती हवी, आत रेडॉन हा किरणोत्सारी वायू साठलेला असतो. सांडलेला भुगा ओल्या टिश्यूने टिपा, झाडू मारू नका.

टॉर्चची उलटी गत. ती मात्र कोरड्या डब्यात, सिलिका जेलसकट ठेवायची. आपल्या दमट हवेत काळ्या काचेवर धुरकट थर चढतो आणि नमुना उगाच फिका दिसायला लागतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने काच पुसा. किनाऱ्याजवळ खाऱ्या हवेने शेपटाकडची स्प्रिंग गंजते आणि टॉर्च लुकलुकते. आटे पुसून रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवलं की पाऊसभर त्रास नाही. वर्गात एका दमात फार वेळ चालू ठेवू नका, एलईडी तापली की झोत उतरतो. सुरक्षा सर्किट असलेला सेल आणि चार्जर बहुधा वेगळे घ्यावे लागतात, तो खर्च आधीच धरा.