दुबई मॉलमधलं मत्स्यालय, दहा महिन्यांनंतर: शार्क कुठून आणि कसा पाहावा

मुलांना घेऊन दुबईला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तिकीट काढायचं, की मॉलमधून फुकट दिसतं तेवढं पुरे? दहा महिने वेगवेगळ्या वारी, वेगवेगळ्या वेळी पाहून झाल्यावरचं मत असं: एकदा तिकीट काढून टाकीतून जाणाऱ्या पारदर्शक बोगद्यातून जाच, कारण शार्कची खालची बाजू दुसरीकडून दिसत नाही. पुढच्या फेऱ्यांना मॉलमधलं पॅनेल, म्हणजे फुकट दिसणारी टाकीची पारदर्शक भिंतच बरी, आणि तिथे किमान वीस मिनिटं एका जागी उभं राहायची तयारी हवी.

2008 मध्ये मॉल उघडला तेव्हा हे जगातलं सर्वांत मोठं ॲक्रिलिकचं (काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकचं) पॅनेल होतं. 32.88 मीटर रुंद, 8.3 मीटर उंच, जाडी 75 सेंटीमीटर. त्यामागे 1 कोटी लिटर पाणी. जाडीचा आकडा लक्षात ठेवा, पाहताना होणाऱ्या निम्म्या चुका तिच्यामुळे होतात. पॅनेलच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाकडे तिरकं पाहिलं तर मासा पुसट होतो, कडेला निळी-तांबडी किनार येते. नजर काटकोनात ठेवा, शार्क समोर येईपर्यंत थांबा. तो येतोच, फेऱ्यांची वाट बऱ्याचदा ठरलेली असते.

पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो, त्यामुळे सपाट पॅनेलमधून चार मीटरवरचा शार्क तीन मीटरवर असल्यासारखा दिसतो आणि साधारण तिसऱ्या हिश्श्याने मोठा भासतो. 48 मीटरच्या बोगद्यात उलटं होतं. तिथे ॲक्रिलिक डोक्यावरून कमानीसारखं वळलेलं, त्या वळणामुळे मासे लहान दिसतात. ‘तिकीट काढलं आणि शार्क छोटेच निघाले’ ही तक्रार वारंवार ऐकू येते, तिचं कारण हे. शार्क तेच असतात.

बोगद्यात आकार बघू नका, पोट बघा. पांढरं पोट, पाच-पाच कल्ल्यांच्या फटी, खालच्या बाजूला असलेलं तोंड. पोटाकडच्या मागच्या परांच्या (फिन्सच्या) आतून दोन बोटांसारखे अवयव लोंबत असतील तर तो नर. पाकट (चपटा, पंख पसरल्यासारखा मासा) डोक्यावरून गेलं की मुलं हमखास ‘हसतंय’ म्हणतात. तोंडाच्या वर दोन डोळे वाटतात त्या नाकपुड्या. खरे डोळे पाठीवर.

या टाकीतला सर्वांत बघण्यासारखा मासा म्हणजे सँड टायगर शार्क. ओळख सोपी आहे: पाठीवरचे दोन्ही पर जवळजवळ सारख्या आकाराचे, अंगावर पुसट तपकिरी ठिपके, आणि तोंड मिटलं तरी बाहेर डोकावणारे सुईसारखे दात. मुलं घाबरतात ती या दातांना. तोंड उघडं असतं ते रागामुळे नव्हे, पाणी कल्ल्यांवरून वाहत राहावं म्हणून. दातही फाडायचे नव्हेत. निसटता मासा पकडायचा आणि अख्खा गिळायचा, यासाठी ते इतके बारीक. शार्कला वाताशय, म्हणजे इतर माशांना तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी, नसतो. हा मासा पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो, ती पोटात धरून ठेवतो आणि त्यामुळे शेपूट जेमतेम हलवत अधांतरी तरंगू शकतो. पॅनेलच्या वरच्या भागाकडे लक्ष ठेवलं तर एखादा वर जाताना सापडतो. जवळून गेला की थुतरीवरची बारीक छिद्रं मोजता येतील इतकी स्पष्ट दिसतात, टाचणीने टोचल्यासारखी. भक्ष्याच्या स्नायूंतली सूक्ष्म वीज त्यांतूनच कळते. जगभरात हा मासा आता अतिसंकटग्रस्त गणला जातो. कोकणच्या बाजारात मुशी-मोरी (छोटे शार्क) पाहिलेल्या मुलांना जिवंत मुशी शांतपणे फिरताना दाखवावी ती इथे.

तळाशी वाळूवर निवांत पडलेला, अंगावर ठिपके आणि जवळजवळ धडाएवढी लांब शेपूट असेल तो झेब्रा शार्क. पट्टे पिल्लांना असतात, मोठेपणी ठिपके येतात, म्हणून मुलं नावावरून गोंधळतात. सगळे शार्क थांबले की मरतात हा समजही इथेच खोडून काढता येतो. हा पडल्या पडल्या तोंडाने पाणी ओढून कल्ल्यांवर सोडतो. काळ्या टोकांचा रीफ शार्क मात्र खरंच सतत पोहत राहतो.

फोटोचं थोडक्यात. फ्लॅश बंद, नाहीतर ॲक्रिलिकवरचा पांढरा डागच येईल. फोन पॅनेलला सपाट टेकवा म्हणजे मॉलच्या दिव्यांचं प्रतिबिंब जातं. गडद कपडे घातले तर स्वतःचं प्रतिबिंबही कमी उमटतं. कॅमेरा असेल तर शटर 1/125 किंवा वेगवान, आयएसओ 1600 ते 3200. फोनवर फोटोपेक्षा सेकंदाला 60 फ्रेम्सचा व्हिडिओ काढून त्यातून चित्र उचलणं जास्त जमतं. ॲक्रिलिक काचेपेक्षा मऊ असतं, घड्याळाचा पट्टा किंवा बॅगेची चेन घासली तरी ओरखडा उठतो आणि तो सगळ्यांच्याच नजरेत येतो. टकटक तर मुळीच करू देऊ नका. आवाज पाण्यात पोचतो आणि माशांना तो नीट जाणवतो.

‘ग्रेट व्हाइट कुठाय?’ हा प्रश्न येणारच. तो कुठल्याच मत्स्यालयात टिकत नाही. कॅलिफोर्नियातल्या माँटेरी बे मत्स्यालयाने 2004-05 मध्ये एक पिल्लू 198 दिवस ठेवलं आणि मग समुद्रात सोडलं. सर्वांत मोठा मासा दाखवायचा असेल तर व्हेल शार्क जपानमधल्या ओकिनावात किंवा अमेरिकेतल्या अटलांटात आहेत, इथे नाहीत.

सर्वांत चांगली वेळ सोमवार ते गुरुवार, मॉल उघडल्यापासून पहिले दोन तास. शनिवार-रविवारी संध्याकाळी पॅनेलपुढे तीन-चार रांगा असतात आणि कडेवर घेतल्याशिवाय मुलांना काही दिसत नाही. मेट्रोने येत असाल तर बुर्ज खलिफा-दुबई मॉल स्थानकापासूनचा बंदिस्त पूल सुमारे 820 मीटरचा आहे. पाच वर्षांखालचं मूल असेल तर बाबागाडी घ्याच, परतीच्या वाटेवर ती लागते.