ज्युदो की तायक्वांदो : सांगितलेल्या इतिहासाची पारख

वडोदऱ्यातील मराठी पालक मुलाला ज्युदोला घालावे की तायक्वांदोला, या विचारात असताना वर्गाच्या पत्रकातील 'दोन हजार वर्षांची परंपरा' वाचून हमखास भारावतात. मात्र कोणत्याही विद्येचे वय तपासताना आकड्यापेक्षा, गुरुशिष्यांची साखळी नावानिशी कुठवर मागे नेता येते, हे पाहणे अधिक शहाणपणाचे आहे.

या कसोटीवर ज्युदो सरस ठरतो, कारण तो आपले तरुणपण लपवत नाही. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योतील एका बौद्ध मंदिरात कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. तेनजिन शिन्यो आणि कितो या जुजुत्सूच्या, म्हणजे जुन्या जपानी झुंजविद्येच्या, दोन घराण्यांत त्यांची तालीम झाली होती, आणि धोक्याचे डाव त्यांनी मोकळ्या झुंजीच्या सरावातून वगळले.

तायक्वांदोची पत्रके मात्र प्राचीन कोरियाच्या सिल्ला राज्यातील ह्वारांग या तरुण योद्ध्यांपर्यंत आणि तिथल्याच गोगुर्यो राज्याच्या काळातील थडग्यांच्या भित्तिचित्रांपर्यंत मागे जातात. चित्रात दोन माणसे हात उगारून समोरासमोर उभी आहेत. ती झुंजत आहेत की नाचत आहेत, हे भिंत सांगत नाही, आणि तिथून आजपर्यंत पोहोचणारी गुरूंची नावेही कोणी देत नाही. नावे मिळतात ती विसाव्या शतकात. ली वॉन-कुक यांनी जपानमध्ये शोतोकान या घराण्याचे कराटे शिकून १९४४ मध्ये सोलमध्ये शाळा काढली, कराटेच शिकलेल्या चोई होंग-ही यांनी पुढे तायक्वांदोचा प्रचार केला, आणि 'तायक्वांदो' हे नाव १९५५ चे आहे. चोई यांच्या चॉन-जी या पहिल्या आकृतिबंधाची, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या क्रमाची, सुरुवात पाहावी : डावीकडे वळून डाव्या हाताने खालचा वार अडवायचा आणि पाऊल पुढे टाकून ठोसा मारायचा. शोतोकानच्या हेइआन शोदान या आकृतिबंधाची सुरुवातही अशीच आहे. १९१० ते १९४५ जपानी अंमल सोसलेल्या कोरियाला हे ऋण मान्य करणे जड गेले असेल, हे समजण्याजोगे आहे. पुरावा मात्र त्याने बदलत नाही.

(जुम्मादादा व्यायाममंदिराच्या या गावात आपल्या मल्लखांबालाही हीच फूटपट्टी लावावी. बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथाचा दाखला आपण अभिमानाने देतो, पण आजच्या तालमींची साखळी दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील बाळंभटदादा देवधरांपाशी थांबते.)

इतिहासाचा प्रामाणिकपणा महत्त्वाचा वाटत असेल, तर ज्युदो निवडावा. मुलाची ओढ लाथांच्या खेळाकडे असेल, तर तायक्वांदोही खुशाल निवडावे, कारण २००० पासून ऑलिंपिक पदकांसाठी खेळला जाणारा तो कसदार खेळ आहे. प्रवेशापूर्वी प्रशिक्षकांना त्यांचे गुरू आणि गुरूंचे गुरू तेवढे विचारावेत. ह्वारांगांऐवजी १९५५ पासून सांगायला सुरुवात करणारा प्रशिक्षक मला अधिक भरवशाचा वाटतो.