मोठ्या स्कूटरचं झाकण आणि साडेसात हजारांचा कागद

स्कूटरच्या डाव्या अंगाला, मागच्या चाकापर्यंत जाणारं एक लांबट झाकण असतं. इंजिनाची ताकद चाकाकडे नेणारा बेल्ट, वेगाप्रमाणे आपोआप गिअर बदलणारा व्हेरिएटर, त्यातले रोलर, क्लच आणि त्याचे घासून पकड घेणारे शू असा सगळा संसार त्याच्या आत. मोटरसायकलची चेन उघड्यावर असते, ढिली पडली तर शेजारचं पोरगंही सांगतं. स्कूटरचं तसं नाही. झाकण काढल्याशिवाय आत काय चाललंय ते मालकाला कळत नाही, आणि झाकण काढणारा असतो मेकॅनिक. मला लुटलं ते या झाकणाआड. लातूर, उदगीर, नांदेडकडे मोठ्या स्कूटर घेणारे आता वाढलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मी राहतो लातूरला, नोकरी औशाला. रोजचं अपडाउन. उंची सहा फुटांच्या घरात, त्यामुळे 110 सीसीच्या स्कूटरवर वळताना गुडघा हँडलला घासायचा आणि संध्याकाळी कंबर धरायची. म्हणून 155 सीसीची घेतली: लिक्विड कूल्ड (कूलंट नावाच्या द्रवाने थंड राहणारं) इंजिन, 14 इंची चाकं, सीटखाली हेल्मेट मावेल एवढी जागा. गाडीबद्दल माझी काही तक्रार नाही. हायवेवर ट्रकच्या बाजूने जाताना छोट्या स्कूटरसारखी डुगडुगत नाही. अडचण एकच, आपल्याकडे अशा गाड्या थोड्या. छोट्या स्कूटरचा बेल्ट मागितला तर दुकानदार हात वर करून फळीवरून काढून देतो. हिचा मागितला की म्हणतो, "मागवावा लागंल." पुढचं सगळं या "मागवावा लागंल"च्या आधारावर झालं.

गाडी 22 हजार किलोमीटरच्या पुढे गेली तेव्हा लक्षणं दिसायला लागली. सकाळी पहिल्यांदा रेस दिली की अख्खी गाडी थरथरायची. ओव्हरटेक करताना इंजिन ओरडायचं, गाडी मात्र पळायची नाही. यात वावगं काही नाही, हे त्या वयाचंच दुखणं. बेल्ट सहसा 20 ते 25 हजारांच्या दरम्यान बदलावा लागतो, आणि आपल्याकडची काळी धूळ नि उन्हाळ्यातला 40 च्या वरचा पारा त्याचं आयुष्य काही वाढवत नाही. म्हणजे खर्च निघणारच होता. चोराला खऱ्या आजाराची गरज असते, हे लक्षात ठेवा. तो धडधाकट गाडी बिघडलेली सांगत नाही. बिघाड खरा सांगतो आणि दुरुस्ती खोटी करतो.

गॅरेज खासगी, पण चकचकीत. बाहेर डिजिटल फलक, आत पाने टांगलेला पत्रा, एका कोपऱ्यात लॅपटॉप. मालकाने गाडी चालवून पाहिली आणि सगळं बरोबर सांगितलं. "सर, बेल्ट गेला, रोलर चपटे झाले असतील, क्लच शू पण बसलाय. सगळा सेट टाकू, परत दोन-तीन वर्षं बघायचं काम नाही." मग गाडी ठेवून घेतली. रोज फोन केला की, "सर, माल पुण्याहून येलालाय." शेवटी गाडी मिळाली आणि वहीच्या फाडलेल्या पानावर हिशेब: बेल्ट, रोलर सेट, स्लायडर, क्लच शू, गिअर ऑइल, कूलंट, मजुरी. एकूण साडेसात हजार. जुने पार्ट मागितले तर म्हणाला, भंगारवाला सकाळीच घेऊन गेला. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "त्याच्यावर 18 टक्के लागतील सर, कशाला उगं?" पैसे मी फोनवरून भरले. पुढे कामाला आली ती एवढीच गोष्ट.

गाडी सुरुवातीला छान चालली. का चालली ते नंतर कळलं. क्लच शूच्या अस्तरावर उष्णतेने काचेसारखी चकाकी येते, तीच घसरते आणि गाडी थरथरते. पॉलिश पेपरने ती चकाकी घासली की थरथर काही दिवस बंद होते. खर्च: दहा रुपयांचा कागद आणि दहा मिनिटं.

भर दुपारी बुधोड्याच्या पुढे आतून फटकन आवाज आला आणि गाडीची ओढच गेली. इंजिन चालू, रेस दिली की आवाज वाढतो, चाक मात्र हलत नाही. बेल्ट तुटला की असंच होतं. एका छोटा हत्तीवाल्याने गाडी मागे चढवून औशाला एका जुन्या गॅरेजवर उतरवली. तिथल्या चाचांकडे फलक नाही, लॅपटॉप नाही. मी सांगितलं, बेल्ट नुकताच बदललाय. ते काही बोलले नाहीत. आठ नंबरच्या टी-पान्याने एकेक बोल्ट काढून झाकणाच्या आकारातच फरशीवर मांडत गेले, म्हणजे लांब बोल्ट आखूड बोल्टाच्या जागी जाऊ नये.

झाकण निघालं तेव्हा आत काळा भुगा आणि दोऱ्यांचा गुंता. बेल्टचा मोठा तुकडा त्यांनी हातात घेऊन उलटा वाकवला. प्रत्येक दाताच्या बुडाशी आडवी चीर होती. "सर, हे नवं म्हणून दिलं का तुम्हाला?" मग व्हेरिएटर उघडला. सहा रोलर बाहेर काढून फरशीवर ठेवले. रोलर गोल असतो, तो घरंगळायला पाहिजे. वेगात फिरताना हे रोलर बाहेरच्या कडेला सरकतात, पुलीला रेटतात, बेल्ट वर चढतो आणि गाडी वेग घेते. माझे सहाच्या सहा एका बाजूने चपटे होते, ठेवले तिथेच बसले. थोडक्या चालण्यात असे चपटे होत नाहीत, हजारो किलोमीटर लागतात. क्लच शूवर पॉलिश पेपरचे ओरखडे स्पष्ट दिसत होते, सगळे एकाच दिशेने.

चाचांनी शेवटी मला खाली वाकायला लावलं. गिअर ऑइलच्या ड्रेन बोल्टवर चिखल आणि डांबराचा थर भाजून दगड झालेला होता. त्या बोल्टला कित्येक महिन्यांत पाना लागलेलाच नव्हता. मग ऑइल बदललं कुठून? कूलंटच्या टाकीत नुसतं पाणी, तेही बोअरचं असावं, कारण आत क्षारांचा पांढरट थर धरला होता. ज्या लातुरात 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे कूलंटच्या नावाखाली पाणी विकून पैसे घ्यायचे, या कल्पकतेची मला दादच द्यावीशी वाटली. क्षारांचं पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत काय करतं, हे ज्याच्या घरी गीझर आहे त्याला सांगायला नको.

सगळ्याचे फोटो काढले, मीटरच्या आकड्यासकट, आणि चाचांकडून काय सापडलं ते लिहून सहीनिशी घेतलं. लातूरच्या त्या गॅरेजवाल्याने आधी सांगितलं, पुण्याहून डुप्लिकेट माल आला असेल. चपटे रोलर दाखवले तर म्हणाला, रस्ते खराब, गाडी तुम्ही दाबून चालवता. ड्रेन बोल्टचा फोटो बघितल्यावर म्हणाला, पोरानं काम केलं, पोरगं आता सोडून गेलं. मग आवाज खाली आणून, "सर, आपसात मिटवू की."

आपसात मिटवण्यात तीन हजार हातात आले. उरलेल्यासाठी मी रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. इथे काही गोष्टी माहीत असू द्या. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेचं बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा धरली आहे, म्हणजे कच्चा कागद त्याच्यावरच उलटतो. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, मुदत दोन वर्षांची, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. पैसे रोख दिले असतील तर मात्र सगळं जड जातं. फोनवरून भरलेल्या रकमेची तारीख आणि नाव कुणाला पुसता येत नाही.

दुरुस्तीची माझी पद्धत आता वेगळी आहे. मोठे पार्ट मीच पार्ट नंबर बघून मागवतो आणि सीलबंद डबा घेऊन गॅरेजवर जातो. गाडी कुणाकडे ठेवायचीच वेळ आली तर सोडण्याआधी झाकण काढून घेतो आणि जुन्या बेल्टच्या पाठीवर नि क्लचच्या अंगावर, जिथे काही घासत नाही तिथे, बायकोच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका देतो. जुने पार्ट पिशवीत घालून घरी आणतो. बायकोने नेलपॉलिशचे पैसे लावलेत, ते वेगळे. चाचांना या ठिपक्यांचा राग येईल असं वाटलं होतं. ते म्हणाले, द्या की, माझ्यावरचा आळ वाचतो. ज्या मेकॅनिकला झाकण तुमच्यासमोर उघडायला अडचण वाटते, तिथून गाडी ढकलत न्यावी लागली तरी न्या.

लातुरात मोठी स्कूटर असणाऱ्यांपैकी कुणी अलीकडे असा "पूर्ण सेट" कच्च्या कागदावर बदलून घेतला असेल, तर बेल्ट तुटायची वाट बघू नका. दुसरीकडे झाकण उघडून रोलर फरशीवर ठेवून बघा. घरंगळले नाहीत तर आधी फोटो काढा, मीटरच्या आकड्यासकट, आणि मगच त्या गॅरेजवाल्याला फोन करा.