रेस्ट टायमर वाजलाच पाहिजे: जिमच्या अ‍ॅप्सचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

एका अपडेटनंतर माझ्या वर्कआउट अ‍ॅपचा रेस्ट टायमर (दोन सेट, म्हणजे व्यायामाच्या दोन फेऱ्या, यांच्या मधली विश्रांती मोजणारा) मुका झाला. स्क्रीन चालू असली तर वाजायचा, पण फोन लॉक करून बाजूला ठेवला की गप्प. फोन उचलून उघडला की वेळ कधीच उलटून गेलेली असायची आणि तेव्हा घंटा व्हायची. कस्टमर केअरला लिहिलं. उत्तर आलं की अ‍ॅप काढून टाका आणि पुन्हा इन्स्टॉल करा. या अ‍ॅपच्या फुकट आवृत्तीत नोंदी फक्त फोनमध्ये राहतात, क्लाउड बॅकअपला सबस्क्रिप्शन लागतं. म्हणजे तो सल्ला मानला असता तर कित्येक महिन्यांचे सेट, रेप्स (एका सेटमध्ये व्यायाम किती वेळा केला तो आकडा), वजनं सगळं पुसलं गेलं असतं. उत्तरात त्याबद्दल एक अक्षरही नव्हतं. मला अजून त्याचा राग येतो.

टायमरसाठी इतका त्रागा कशाला, असं कुणी म्हणेल. मला तो या अ‍ॅप्समधला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो. व्यायामावर संशोधन करणारे ब्रॅड शोनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये वजनांची सवय असलेल्या पुरुषांवर 8 आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला होता. एका गटाला दोन सेटच्या मधे 1 मिनिट विश्रांती, दुसऱ्याला 3 मिनिटं. 3 मिनिटंवाल्यांची ताकद जास्त वाढली, मांडीच्या पुढच्या स्नायूंची जाडीही जास्त वाढली. दुसरी गोष्ट नोंदीची. या आठवड्यात दीड मिनिट थांबून स्क्वॉटचे 5 रेप्स काढले आणि पुढच्या आठवड्यात चार मिनिटं थांबून 6, तर अ‍ॅप प्रगती दाखवणार. पण त्यात ताकद किती आणि जास्तीची विश्रांती किती, हे कसं ओळखायचं? विश्रांती सारखी नसेल तर तो सुंदर आलेख बघण्यात अर्थ नाही.

फोनचं साधं घड्याळ वापरून पाहिलं. प्रत्येक सेटनंतर आधी अ‍ॅपमध्ये रेप्स भरा, मग घड्याळात जा, टायमर लावा, परत या. हाताला पकडीसाठीचा चॉक लागलेला असताना हे नको वाटतं, आणि मग नोंद तरी राहते नाहीतर टायमर तरी.

शोधत गेले तेव्हा कारण सापडलं. 2015 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 6 पासून डोझ नावाची सोय आहे. स्क्रीन बंद असेल, फोन चार्जरला नसेल आणि न हलता पडून असेल, तर मागे चालणाऱ्या अ‍ॅप्सची कामं फोन लांबणीवर टाकतो. त्यावर फोन बनवणाऱ्यांची आपापली बॅटरी बचत असते, ती आणखी कडक. अँड्रॉइड 14 पासून तर नव्याने घेतलेल्या बहुतेक अ‍ॅप्सना ठरलेल्या क्षणी अलार्म वाजवायची परवानगी आपोआप मिळतच नाही, वेगळी द्यावी लागते. सेटिंग्जमध्ये जाऊन अ‍ॅपची बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ केली, अलार्म आणि रिमाइंडरची परवानगी दिली, आणि टायमर वाजायला लागला. त्यामुळे टायमरबद्दलचं माझं मत थोडं मवाळ झालंय. सेवेबद्दलचं उलट आणखी कडक झालं, कारण ही परवानगी मागणारा पडदा अ‍ॅपला स्वतः उघडता येतो. त्यांनी तो उघडला नाही आणि दोन ओळींत सांगण्यासारखा उपायही सांगितला नाही.

मग ठरवलं की नोंदी घेऊन इथून निघायचं. तर सीएसव्ही फाइल (एक्सेलमध्ये उघडता येणारा तक्ता) उतरवून घ्यायलाही सबस्क्रिप्शन! घाम मी गाळला, आकडे मी भरले, आणि ते बाहेर न्यायला पैसे. एका महिन्याचे भरले, फाइल घेतली. उघडून पाहिली तर तारीख, व्यायाम, वजन, रेप्स आहेत, पण मी लिहिलेली टिपणं नाहीत. ‘डावा खांदा दुखतोय, पकड अरुंद केली’ अशी टिपणं मला आकड्यांइतकीच हवी होती. ती बसून हाताने उतरवून काढली.

आता फिटनोट्स वापरते. अँड्रॉइडवर आहे, फुकट, जाहिराती नाहीत, लॉगिन नाही, फाइल कधीही उतरवता येते. दिसायला अगदी साधं आहे. आधी फोटो आणि अ‍ॅनिमेशनवाल्या अ‍ॅपची सवय असल्यामुळे पहिले काही दिवस रुक्ष वाटलं. आता तेच आवडतं, कारण दोन टिचक्यांत सेट भरून होतो आणि टायमर सुरू होतो. मित्रमंडळींचे वर्कआउट बघायची हौस असेल तर हेवी नावाचं अ‍ॅप आहे, ते स्ट्राँग या दुसऱ्या अ‍ॅपमधून काढलेली फाइलही वाचतं. मला ती हौस नाही.

अ‍ॅप बदलताना एक गोष्ट नक्की तपासा. एका रेपचं कमाल वजन अ‍ॅप अंदाजाने काढतं, आणि सूत्रं वेगवेगळी असतात. एप्लीचं सूत्र रेप्सना 30 ने भागून त्यात 1 मिळवतं आणि वजनाला गुणतं. ब्रिझ्कीचं सूत्र वजन गुणिले 36, भागिले (37 वजा रेप्स). 10 रेप्सला दोन्ही अगदी एकच उत्तर देतात. पण 40 किलोचे 20 रेप्स काढलेत तर एप्ली म्हणतो जवळपास 67 किलो आणि ब्रिझ्की म्हणतो जवळपास 85. म्हणजे नुसतं अ‍ॅप बदलून नवा विक्रम होऊ शकतो. मी हा अंदाज 10 रेप्सच्या आतल्या सेटपुरताच बघते.

खाण्याच्या नोंदीसाठी क्रोनोमीटर हे अ‍ॅप. ज्या अ‍ॅप्समध्ये कुणीही वाटेल ती नोंद भरू शकतं, तिथे एकाच पदार्थाच्या दहा नोंदी आणि दहा वेगळे आकडे मिळतात. ओळखायची सोपी युक्ती आहे: प्रथिनं आणि कर्बोदकांचे ग्रॅम प्रत्येकी गुणिले 4, चरबीचे गुणिले 9, बेरीज कॅलरीच्या जवळपास यायला हवी. तंतूंमुळे (फायबरमुळे) थोडा फरक पडतो, फार पडला तर ती नोंद सोडून द्या. मनगटावरच्या स्मार्ट घड्याळाने मोजलेल्या ‘जाळलेल्या’ कॅलरी मात्र मी खाण्याच्या हिशेबात परत मिळवत नाही. स्टॅनफर्डच्या 2017 च्या तपासणीत मनगटावरच्या सात उपकरणांपैकी सहांनी हृदयाचे ठोके ठीक मोजले होते, पण कॅलरीत सगळ्यात चांगल्या उपकरणाचीही सरासरी चूक 27 टक्के निघाली होती.

नवं अ‍ॅप घेणार असाल तर पहिल्याच दिवशी दोन खोटे सेट भरा, 3 मिनिटांचा टायमर लावून फोन लॉक करून ठेवा, आणि मग फाइल उतरवून उघडून बघा, टिपणांसकट. जुनं सोडताना आधी फाइल घ्या, मग प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरमध्ये जाऊन सबस्क्रिप्शन रद्द करा, आणि त्यानंतरच अ‍ॅप काढा. नुसतं अ‍ॅप काढून टाकलं तर पैसे कापणं थांबत नाही.