भव्यतेचा थरार: चित्रासमोर की ऑर्गनसमोर?

चित्र आपल्यासाठी थांबतं, संगीत थांबत नाही. खरा फरक इथेच. अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये १९७१ साली उघडलेल्या रॉथ्को चॅपल या प्रार्थनागृहात चित्रकार मार्क रॉथ्को यांची १४ चित्रं आहेत, सगळी गडद. उन्हातून आत आलं की आधी नुसता काळोख दिसतो आणि काही जण तेवढ्यावरच परत फिरतात. डोळ्यांना सरावायला दहा मिनिटं द्या. मग काळ्यातून जांभळा हळूहळू सुटा होतो. रंगाने नजरेच्या कडा भरतील इतकं जवळ उभं राहा. मोबाइलवर हेच चित्र म्हणजे काळा चौकोन, बस्स.

चर्चमधल्या, नळ्यांत हवा सोडून वाजवल्या जाणाऱ्या ऑर्गनला एवढी तयारी लागत नाही, तो थेट अंगावर येतो. ३२ फुटी नळीचा सर्वांत खालचा स्वर सुमारे १६ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १६ कंपनांचा; तो कानापेक्षा छातीत आणि बाकाच्या लाकडात जास्त जाणवतो. साध्या इयरफोनमध्ये तो जवळजवळ नाहीसाच होतो. मोठ्या दगडी चर्चमध्ये नाद काही सेकंद रेंगाळतो, त्यामुळे जलद रचना गढूळ ऐकू येतात. संथ रचना निवडा, खांबामागे बसू नका.

पहिल्यांदाच जाणाऱ्याला आम्ही ऑर्गनच सुचवू. लक्ष उडालं तर मात्र तो स्वर गेलाच. चित्राकडे पुन्हा वळता येतं.